मुक्काम पोस्ट लष्कर : राजपुतान्याच्या वाळूतला मराठी संसार

आजचा धागा लांबणार आहे, सवडीने वाचावा. सुरुवात एका पत्त्यापासून करतो.

मु. पो. पौड, ता. मुळशी, जि. पुणे.

यातला 'मु.' म्हणजे मुक्काम. सात पिढ्या एकाच घरात राहिलेला माणूसदेखील पत्रावर आपण या गावी 'मुक्कामाला' आहोत असे लिहितो. मुक्काम हा शब्द एकटा नसे. त्याच्या जोडीला 'कूच' असे. आज मुक्काम, उद्या कूच, परवा पुन्हा मुक्काम. ज्या काळात मराठी माणसाचे निम्मे आयुष्य या दोन शब्दांमध्ये जात होते, त्या काळाची ही खूण आपल्या टपालाच्या पत्त्यात शिल्लक राहिली आहे.

शनिवारी संध्याकाळी मुळशी धरणाच्या काठाने गेलात तर रंगीबेरंगी राहुट्या उभ्या दिसतात. अलीकडे चाकांवरची घरेही दिसू लागली आहेत. गाडीतच बिछाना, गाडीतच शेगडी, टपावर पाण्याची टाकी. रविवारी दुपारी सारे आवरून मंडळी पुण्याला परततात. (त्या जलाशयाखाली ज्यांची घरे गेली आणि १९२१ साली ज्यांनी सेनापती बापटांच्या मागे उभे राहून सत्याग्रह केला, त्यांची कथा वेगळ्या धाग्याची आहे. पण तिथे राहुटी ठोकताना ती आठवावी.)

हा दोन दिवसांचा संसार पाहिला की मला १८०९ सालचा एक संसार आठवतो. तो दोन दिवसांचा नव्हता. हजारो मराठी कुटुंबे वर्षानुवर्षे तंबूत राहत होती, आणि तीही मुळशीसारख्या हिरव्या, ओल्या मुलखात नव्हे, तर राजपुतान्याच्या कोरड्या, रेताड पट्ट्यात. तिथे लग्ने लागत, बाळंतपणे होत, सण होत, कर्जे होत, खून होत. गावाला चाके लावावीत तसा तो प्रकार होता. तो चालत कसा होता, आणि त्याची किंमत कोण भरत होते, हे आज पाहू.

आधी थोडे मागे जाऊ. मुळशीचा सारा मुलूख म्हणजे मावळ : पौड मावळ, मुठे खोरे, मोसे खोरे, कोरीगड, घनगड यांसारखे घाटवाटांवर नजर ठेवणारे किल्ले. इथला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला शिवकालीन लष्कराचे वेळापत्रक समजावून सांगावे लागत नाही. ताम्हिणीच्या बाजूला आषाढात घोडा तर सोडाच, माणूसही वाटेवर धड उभा राहत नाही. सभासदाच्या बखरीत नियम नोंदवलेला आहे : पावसाळ्यात लष्कराने आपल्या देशी छावणीस यावे, दसऱ्याला बाहेर पडावे, आठ महिने परमुलखात राहावे. निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी व्हावी आणि परतल्यावर ती ताडून पाहावी. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण कोणी नेऊ नये. नेईल त्याला देहदंड. म्हणजे शिवकालीन तळ हा संसार नव्हता. संसार गावी असे, आणि तळ त्याच्यापासून मुद्दाम दूर ठेवलेला असे.

'छावणी' या शब्दाची व्युत्पत्ती इथे उपयोगी पडते. छावणे म्हणजे शाकारणे, छप्पर घालणे. पाऊस आला की कापडाखाली भागत नाही, गवताचे छप्पर घालावे लागते. ते जिथे घातले ती छावणी. तो पावसापुरता आसरा होता.

या छावणीतला रोजचा दिवस कसा असे, याचे आपल्याजवळचे सर्वोत्तम वर्णन खुद्द शिवाजी महाराजांच्या एका पत्रात आहे. मे १६७३मध्ये चिपळूणच्या बाजूला हलवर्ण येथे असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना ते लिहिले गेले. त्यात मोहिमेचा डौल नाही, गवताची काळजी आहे. दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरून दाणे उचलाल, कोणी भाकर, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी, आणि लोक म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळता ठेवू नका. उंदीर वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल. कोणी स्वयंपाकाला आगटी करील, कोणी चिलीम ओढील, ठिणगी उडेल आणि सारी पागा जळेल. जळती वात ओढून नेणारा तो उंदीर मला फार महत्त्वाचा वाटतो. तळ कसा राखायचा हे ज्याला कळते, त्याच्या डोळ्याला उंदीरही दिसतो.

पुढच्या शंभर वर्षांत तो उंदीर दिसेनासा झाला.

१७३०च्या दशकापासून मराठी फौजा माळव्यात ठाण मांडू लागल्या. नर्मदा मागे पडली, चंबळ ओलांडली गेली. आता दसऱ्याला निघून ज्येष्ठात सातारा-पुण्याच्या घरी परतणे दरवर्षी जमेना. बैलगाड्यांच्या वेगाने जाण्यायेण्यातच महिने जात. मग छावणी परमुलखातच होऊ लागली. आणि माणूस दोन-तीन वर्षे घरी परतणार नसेल तर घर त्याच्यामागे येते. बायका आल्या, मुले आली, आचारी, न्हावी, सोनार, सावकार आले. या साऱ्यांना लष्करी मराठीत 'बुणगे' म्हणत. 'बाजारबुणगे' हा शब्द आज आपण शिवीसारखा वापरतो. पण त्या बुणग्यांवाचून सरदाराला भाकर मिळत नसे. पानिपतावर भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर असलेल्या बायकामुलांची आणि यात्रेकरूंची चर्चा आपण नेहमी करतो. तो अपवाद नव्हता. त्या काळच्या मराठी तळाचे रूपच तसे झाले होते.

राजपुताना हा या तळाचा कठीण शेजारी. जानेवारी १७५१मध्ये जयप्पा शिंदे आणि मल्हारराव होळकर यांच्या फौजा जयपूरच्या तटाबाहेर उतरल्या होत्या. खंडणीच्या तगाद्याने गांजलेल्या ईश्वरीसिंहाने नुकतीच आत्महत्या केली होती. तळावरची माणसे नवे शहर पाहायला, देवळे पाहायला, बाजारहाट करायला तटाच्या आत गेली. एका दुपारी शहरात दंगल उसळली, दरवाजे बंद झाले, आणि सापडेल तो मराठा कापला गेला. मेलेल्यांत बाजाराला गेलेली साधी माणसे फार होती. तळाला रोज शेजाऱ्याच्या बाजारात जावे लागते, आणि शेजारी काय सोसतो आहे याचा हिशेब त्या बाजारातच चुकता होतो.

तीन वर्षांनी जयप्पा मारवाडात शिरला. जोधपूरच्या गादीच्या भांडणात त्याने रामसिंहाची बाजू घेतली. १७५४च्या शरदात मेडत्याला पराभूत झालेला बिजयसिंह नागोरच्या किल्ल्यात शिरला, आणि मराठ्यांनी नागोरला वेढा घातला. हा वेढा वर्षापेक्षा अधिक काळ चालला. नागोर म्हणजे थरच्या वाळवंटाचा उंबरठा : खेजडीची विरळ झाडे, बाजरी, उंटाने ओढायच्या खोल विहिरी, त्यांतल्या कित्येक खारट.

इथे थोडे अंकगणित करू, म्हणजे वाळवंटात तळ ठोकणे म्हणजे काय ते कळेल. कामाच्या घोड्याला उन्हाळ्यात दिवसाला सुमारे तीस लिटर पाणी लागते. समजा, तळावर दहा हजार घोडी आहेत. तर नुसत्या घोड्यांसाठी रोज तीन लाख लिटर. आपल्या दुष्काळी गावांत दहा हजार लिटरचा टँकर येतो तो डोळ्यांसमोर आणा. असे तीस टँकर रोज, फक्त घोड्यांना. बैलांना निराळे, हत्तींना निराळे, माणसांना निराळे. आणि हे पाणी नदीतून उचलायचे नाही. शंभर-दीडशे फूट खोल विहिरीतून चामड्याच्या मोटेने एकेक खेप वर काढायचे. विहिरीच्या पाझराला स्वतःचा वेग असतो. पेशव्यांचे फर्मान दाखवले म्हणून तो वाढत नाही. म्हणून वाळवंटातल्या लढाईत विहीर ताब्यात असणे हे तोफ ताब्यात असण्याइतकेच महत्त्वाचे ठरे, आणि विहिरीत घाण टाकून, ती बुजवून निघून जाणे हे गावकऱ्यांचे जुने शस्त्र असे.

जयप्पाचा शेवटही तळाच्या रोजच्या जीवनातूनच झाला. जुलै १७५५मध्ये, नागोरजवळच्या त्याच्या तळावर, तो स्नान करीत असताना त्याचा खून झाला. कर्नल टॉडने राजस्थानावरच्या आपल्या ग्रंथात दिलेली कथा अशी : दोन मारेकरी तळावरच्या दुकानदारांच्या सोंगात हिशेबावरून आपसांत भांडत डेऱ्याशी आले, न्याय मागण्याच्या मिषाने जवळ सरकले आणि त्यांनी सुरे चालवले. तपशिलाविषयी इतर साधने निराळे सांगतात. पण कथेत गृहीत धरलेली गोष्ट पाहा : सरदाराच्या नहाणीपर्यंत दुकानदार भांडत जाऊ शकतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. तळ आणि बाजार यांच्यात भिंत उरली नव्हती. जयप्पाचा भाऊ दत्ताजी याने वेढा उठवला नाही. १७५६च्या आरंभी तह झाला, अजमेर मराठ्यांना मिळाले. नागोरजवळ ताऊसरला जयप्पाची छत्री आहे.

आता येऊ १८०९कडे.

दौलतराव शिंदे तेव्हा तिशीचा होता. १८०३ साली असईला वेलस्लीकडून हार झाली होती, सुर्जी-अंजनगावच्या तहाने दिल्ली-आग्ऱ्याकडचा मुलूख गेला होता. नावाला राजधानी उज्जैन. पण महाराज राहत तळावर, आणि तळ हिंडे राजपुतान्यात, खंडणीच्या मागे. इंग्रजांचा वकील ग्रेम मर्सर या तळाबरोबर राही, आणि त्याच्या रक्षक तुकडीचा अधिकारी होता टॉमस ड्यूअर ब्रॉटन. ब्रॉटनने वर्षभर आपल्या भावाला पत्रे लिहिली. ती १८१३ साली लंडनला पुस्तकरूपाने निघाली. ब्रॉटन हा जेत्यांच्या बाजूचा माणूस. मराठ्यांविषयीचा तुच्छभाव त्याच्या पानापानांत आहे. तो चाळून टाकावा लागतो. पण त्याची नजर तीक्ष्ण होती, आणि आपले कारकून ज्या गोष्टी 'रोजचेच आहे' म्हणून लिहीत नसत, नेमक्या त्याच त्याने लिहिल्या.

तळ हलायचा कसा? पुढे जात बिनीवाले. बिनी म्हणजे आघाडी. आजचे बिनीवाले आडनाव तिथूनच आले. ते नवी जागा निवडत आणि महाराजांची देवडी जिथे यायची तिथे एक लहान पांढरे निशाण रोवत. मग एकेका बाजाराचे निशाण एका ओळीत उभे राही, आणि दुकाने दोन समांतर रांगांत लागत. त्यातून एकच एक सरळ रस्ता तयार होई, तळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ब्रॉटन म्हणतो, याची लांबी तीन-चार मैल भरे. पुण्यात लकडी पुलापासून कोथरूडच्या पलीकडे निघालात तर जेवढे चालाल, तेवढा बाजार रोज उठे आणि पुन्हा मांडला जाई! मध्यभागी महाराज, उजव्या-डाव्या बाजूला सरदारांचे गोट, आणि तोफखाना व कवायती पलटणी सुमारे मैलभर पुढे. जागा बदलली तरी नकाशा बदलत नसे. कालचा सोनार ज्याच्या शेजारी होता, त्याच्याच शेजारी आज असे. हलवायाकडे जायचे तर पाय आपोआप वळत, भोवतालचा मुलूख मात्र निराळा असे.

थोरांकडे डेऱ्यांचे दोन जोड असत. मालक एका डेऱ्यात झोपलेला असताना दुसरा पुढे निघालेला असे. त्याला पेशखाना म्हणत. हत्तींवर मोठे डेरे, उंटांवर राहुट्या आणि कनाती, बैलगाड्यांत भांडी, पेट्या, म्हातारी माणसे. लहान छकड्यांवर झडप टाकून त्यात बायकामुले. तोफांना बैलांच्या लांबच लांब माळा जुंपलेल्या. गाडा रेतीत रुतला की हत्ती मागून डोके लावी. बैल ताशी दोन मैल चालतो, म्हणून सारे शहर ताशी दोन मैल चाले. चार-पाच कोसांची मजल झाली की दिवस संपला.

सामान्य स्वाराचे घर कसले? दोन-तीन काठ्यांवर ताणलेले कांबळे. त्याला पाल म्हणत. त्यात स्वार, बायको, पोरे, एखादी शेळी; बाहेर आगाडी-पिछाडीने बांधलेला घोडा. उन्हाळ्यात लू, हिवाळ्यात राजपुतान्याची बोचरी थंडी, पावसात चिखल, सारे त्या एका कांबळ्याखाली. वावटळ आली की मेखा उपटत आणि घर डोक्यावरून उडून जाई. 'गाशा गुंडाळणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावरचे आच्छादन. ज्याच्या मालमत्तेत गुंडाळण्याजोगे तेवढेच आहे, त्याची ती भाषा आहे.

पाणी आणणे हे पखालीवाल्याचे काम : बैलावर किंवा रेड्यावर चामड्याची पखाल. धान्य आणणे वंजाऱ्यांचे. त्यांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर गोणी घालून लष्करामागून चालत. तांडा अडला की तळ उपाशी, म्हणून वंजाऱ्याला शत्रूही सहसा दुखवीत नसे. गवत आणणे हे मात्र प्रत्येकाचे स्वतःचे. या गवताच्या फेरीला 'कही' म्हणत. सकाळी तळावरून कही निघे, चहूकडे पांगे, आणि संध्याकाळी भारे घेऊन परते.

त्या भाऱ्यांत काय असे, हा या धाग्यातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. रानातले गवत संपले की उभे पीक. पीक संपले की गावातल्या घरांची छपरे, कारण शाकारलेले वाळके गवत घोडा खातो. सरपण संपले की दाराच्या चौकटी. जिथे तळ आठ दिवस राही, तिथे गाव उरत नसे. आणि ते गाव शत्रूचे आहे की आश्रिताचे, हे कहीवरच्या भुकेल्या माणसाला विचारायला सवड नव्हती. हलवर्णच्या पत्रात महाराजांनी जे जे करू नका म्हणून लिहिले होते, ते ते सारे राजपुतान्यात रोज होत होते. रजपूत स्मृतीत मराठा म्हणजे लुटारू ही प्रतिमा का आहे, असा प्रश्न आपल्याकडची तरुण मुले चिडून विचारतात. तिचे बरेचसे उत्तर रणांगणात नाही, या रोजच्या गवतात आहे.

पण कहीवर जाणारा तरी काय करणार? त्याला पगार मिळत नव्हता. सहा-सहा महिने, वर्ष-वर्ष तुंबलेले पगार हा दौलतरावाच्या तळाचा स्थायी रोग होता. खंडणी मिळाली तर पगार, पगार मिळाला तर फौज, फौज असेल तर खंडणी, आणि हे चक्र फिरत राहावे म्हणून तळ हिंडत राहिला पाहिजे. १८०९च्या आरंभी जयपूरकरांच्या मुलखातल्या दूणीच्या गढीला वेढा पडला तोही याच हिशेबाने. घरी का जात नाही, या प्रश्नाला शिपायाचे उत्तर सोपे होते : बाकी वसूल झाल्यावाचून जाऊ कसा?

वसुलीचे साधन होते धरणे. पलटणीतली माणसे सरदाराच्या किंवा दिवाणाच्या डेऱ्यासमोर येऊन बसत, त्याला अन्नपाणी घेऊ देत नसत, स्वतःही घेत नसत. आज आपण जिल्हाधिकारी कचेरीसमोर ज्याला धरणे म्हणतो, त्याचे हे सशस्त्र पूर्वज. ब्रॉटनने असे प्रसंग पुन्हापुन्हा पाहिले. गंमत अशी की बाकी मोठी असली तरी त्यातही एक शिस्त असे. बहुधा थोडी रक्कम हातावर पडे, थोडे वचन मिळे, आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसे त्याच महाराजांच्या पहाऱ्यावर उभी राहत.

एवढ्या हलाखीत सण मात्र चुकत नसत. होळीचा धुळवडीचा दंगा, जन्माष्टमीचा उत्सव, आणि मोहरमचे ताजिये. शिंदे घराण्याची बीडच्या मन्सूरशाह अवलियावर श्रद्धा. दौलतराव मोहरमात फकिरीचा हिरवा वेश करून ताजियांच्या दर्शनाला जाई. देवळासाठी मूर्तीचा एक डेरा असला की पुरे. ब्रॉटनने आपल्या शिपायांच्या तोंडची हिंदी कवितेची कडवी ऐकून लिहून घेतली आणि १८१४ साली त्यांचे एक छोटे पुस्तकही काढले. लष्करी अंमलदाराने शिपायांची कविता छापावी हे त्या काळी नवलच.

बायकांविषयी तो जे लिहितो ते आपल्या समजुतींना धक्का देणारे आहे. तळावरच्या मराठा बायका घोड्यावर बसत, कूच करताना उघड्या तोंडाने जात, बाजारात व्यवहार करीत. खुद्द बायजाबाई शिंदे घोडेस्वारीत तरबेज होत्या. पुढे १८३३ साली ग्वाल्हेरहून बाहेर पडावे लागल्यावर त्या पुन्हा तंबूतच राहिल्या. १८३५मध्ये फतेहगडला फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई त्यांच्या तळावर गेली, तेव्हा इंग्रज स्त्रिया घोड्यावर एका बाजूला पाय सोडून बसतात हे पाहून साऱ्या बायका हसल्या. मग पार्क्सने मराठी पद्धतीने बसून पाहिले, आणि तिला ते फार आवडले!

आणि एक जोरावरसिंग. दौलतरावाच्या एका पलटणीत या नावाचा एक तरुण शिपाई होता. पहारा चोख, कवायत चोख. एक दिवस स्नानाच्या वेळी उघडकीला आले की ती स्त्री आहे. तिचा भाऊ कर्जापायी भोपाळला कैदेत होता. त्याला सोडवण्यापुरते पैसे साठवावेत म्हणून ती पुरुषवेशात भरती झाली होती. गोष्ट फुटल्यावरही पलटणीने तिला मानाने वागवले. बायजाबाईंनी आणि दौलतरावाने तिची वास्तपुस्त केली, तिला मोकळे केले आणि भावाच्या सुटकेसाठी भोपाळच्या नवाबाकडे शिफारस पाठवली. माझ्या मनात मात्र एक हिशेब राहतो : ज्या तळावर पगार वेळेवर मिळत नव्हता, तिथे भावाच्या कर्जाची रक्कम साठवायला ती उभी राहिली होती.

त्याच १८०९ साली, तळावरच, बायजाबाईंचे वडील सर्जेराव घाटगे मारले गेले. बोलाचाली दौलतरावाशी झाली, ती हातघाईवर आली, सर्जेरावांनी महाराजांच्या अंगरख्याला हात घातला, आणि थोड्याच वेळात सर्जेरावांना डेऱ्यातून ओढून काढून भाल्यांनी मारण्यात आले. पुण्यातल्या लोकांनी दहा वर्षांपूर्वी सर्जेरावांचे जे जुलूम पाहिले होते, त्यामुळे त्यांच्यासाठी फार थोडे डोळे भिजले असतील. पण बायजाबाईंचा विचार करा. पिता मारला गेला तो डेरा आणि पती राहतो तो डेरा यांच्यामध्ये अंतर किती, तर दोऱ्या ताणण्यापुरते. वाड्याला निदान भिंती असतात.

ब्रॉटनची पत्रे फेब्रुवारी १८१०मध्ये संपतात. त्याच वर्षी दौलतरावाने ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. बिनीवाल्यांनी नेहमीप्रमाणे निशाण रोवले असेल, बाजाराच्या दोन रांगा लागल्या असतील, गोट आपापल्या जागी उतरले असतील. आठ-पंधरा दिवसांनी कूच होईल असेच साऱ्यांना वाटले असणार. कूच झालीच नाही. पहिल्या पावसाळ्यात छपरे आली, मग मातीच्या भिंती, मग दगडी वाडे. तंबूंच्या मधल्या वाटा होत्या त्यांच्या गल्ल्या झाल्या. शिंद्यांची राजधानी उज्जैनहून इथे आली, आणि शहराला नवे नाव ठेवण्याची तसदीही कोणी घेतली नाही. तळाला जे म्हणत, तेच नाव राहिले : लष्कर.

आजही जुन्या ग्वाल्हेरपासून वेगळा असलेला तो भाग लष्करच आहे. तिथे 'शिंदे की छावनी' नावाची वस्ती आहे, सरकारी बाजाराचा 'खासगी बाजार' आहे, फाळके सरदारांच्या नावाचा 'फालका बाजार' आहे. 'चिटणीस की गोठ' नावाची एक वस्ती आहे. ते नाव ऐकताच मराठी कानाला चिटणिसांचा गोट आठवतो, हिंदी जिभेवर त्याचा 'ट' थोडा जड झालेला. आणि कवायती पलटणींना ज्या शब्दाने ओळखत, त्या 'कंपू'च्या नावाचाही एक मोहल्ला आहे. ग्वाल्हेरच्या स्थानकाबाहेर रिक्षावाल्याला नुसते 'कंपू' म्हणा. पुढचे काही न विचारता तो निघतो.